नवरा-नवरीच्या खुर्च्या

बोर्गो सानझेनो
१९ मार्च १९६३, संत जुझेप्पेचा सण

प्रिय आमेरिगो,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे आणि तिकडे तोरिनोत तूही खुशाल असशील, असं धरून चालते. तू कळवत नाहीस, तेव्हा धरून चालण्याशिवाय काय करणार? थंडी यंदा हलायचं नाव घेत नाही. माझा डावा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. आज सुतारांचा सण म्हणून भाताचे गोड वडे तळले. वासावर अख्खी गल्ली आली. तुझ्या वाटचे मीच खाल्ले.

पत्रास कारण खुर्ची. चर्चमधल्या नवरा-नवरीच्या दोन खुर्च्या तुला आठवत असतील. नसतील तर आठवण करून देते. तोरिनोत राजवाड्यातलं सामान दुरुस्त करून करून आमच्या गावच्या वस्तू तुझ्या नजरेत भरेनाशा झाल्या असतील. काउंटच्या घरातून चर्चला आलेल्या त्या दोन, पाठीच्या माथ्यावर शिंपला कोरलेला, हातांची टोकं पानासारखी वळलेली, पाय जरा वाकडे. लग्नाची मिस्सा, ती सगळी प्रार्थना-प्रवचनं, संपेपर्यंत नवरा-नवरीने त्यांवर बसायचं आणि ज्याची पाठ आधी टेकेल त्याचं पुढे घरात चालणार नाही, असं बायका मागच्या बाकांवरून बघत बसतात. तुझ्या लग्नात नोरिना काठीसारखी ताठ बसली होती, आणि तू प्रवचन सुरू व्हायच्या आत मागे रेललास. सगळं चर्च हसलं होतं. फादरसुद्धा.

तर फादर प्लाचिदोंनी दोन्ही खुर्च्या साफ करायला माझ्याकडे पाठवल्या. ईस्टरनंतर लग्न आहे आणि मेणबत्त्यांच्या काजळीने त्या तपकिरी दिसायला लागल्या होत्या. मी बोळा घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि एका खुर्चीच्या उजव्या हातावरून फिरवला. पुढचं तुला सांगायला नकोच. सोनं बोळ्यावर आलं आणि खाली चांदी निघाली, पांढरीफटक.

गावाला वाटतं त्या सोन्याच्या आहेत. वाटू दे. आपल्या घरालाच माहीत की वर्ख चांदीचा आहे आणि वरून पिवळं रोगण चढवलंय, म्हणून ते सोनं दिसतं. मला माहीत होतं. चाळीस वर्षं वर्ख लावतेय मी. तरी हात चालतच राहिला. पाठ पुसली, पाय पुसले, शिंपल्याच्या खाचा काडीने कोरून पुसल्या. म्हातारी झाले, दुसरं काय? आता एक खुर्ची सोन्याची आणि एक चांदीची, अशी जोडी कार्यशाळेत उभी आहे. फादर काल डोकावले. मी वर चादर टाकून ठेवली होती. म्हटलं, "ओली आहे, हात लावू नका."

चांदी जुनी, काउंटच्या काळातली, तिला काही झालेलं नाही. गेलं ते वरचं रोगण, जे चर्चचं छप्पर गळलं त्या वर्षी बाबांनी आणि तू मिळून चढवलं होतंस, तुझ्या लग्नाच्या आधी. ते परत चढवायला हवं आणि लवकर हवं, कारण उघडी चांदी काळी पडते. लाख, केशर, काळा बोळ आणि तो लाल डिंक, हिरादखण, एवढं मला ठाऊक आहे. पण कशात काय किती आणि किती दिवस उन्हात ठेवायचं, हे बाबांनी तुलाच शिकवलं. मी मुलगी, मला वर्ख लावायला बसवलं. तेव्हा कृती लिहून पाठव.

लग्न इझोलिनाचं आहे. हे आधी लिहायला हवं होतं, पण खुर्ची आधी आली.

मुलाचं नाव नेल्लो. तेलाच्या घाण्यावर असतो, त्याचे हात धुतले तरी ऑलिव्हचा वास येतो. बोलतो कमी, खातो जास्त, तिच्या शब्दाबाहेर नाही. मला पसंत आहे. सत्तावीस एप्रिल, शनिवार. मे महिन्यातलं लग्न लाभत नाही म्हणतात, म्हणून घाई.

वडील नाहीत म्हटल्यावर वेदीपर्यंत हाताला धरून कोण नेणार, असं फादरांनी विचारलं. ती म्हणाली, "वडील आहेत. तोरिनोत आहेत. मला आत्या नेईल." फादर म्हणाले, बाईमाणसाने नेलेलं कधी पाहिलं नाही. ती म्हणाली, "मग आता पाहा." तुझीच मुलगी आहे, त्यात शंका नाही.

हे आमंत्रण नव्हे. "तुझ्या भावाला बोलावलंस तर मी लग्नच करणार नाही" असं तिने मला बजावलंय आणि तसं वचन घेतलंय. मी फक्त रोगणाचं विचारतेय. लवकर कळव.

तुझी बहीण,
झेलिंदा


३ एप्रिल

प्रिय आमेरिगो,

आशीर्वाद. बाटली पोचली, फुटली नाही. पेंढ्यात गुंडाळून त्यावर जुना मोजा चढवला होतास. मोजा धुऊन ठेवलाय, रफू करून परत पाठवते. असले मोजे घालून तू हिंडतोस, तुझ्याकडे बघणारं कुणी नाही का तिथे?

कृती मागितली तर तू तयार रोगणच पाठवलंस आणि वर चार ओळी. खुर्ची आधी चुलीजवळ ठेवून कोमट कर, पातळ हात मार, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ दे, ब्रश परत फिरवू नकोस. मला शिकवतोस? तू नाक पुसत फिरत होतास तेव्हापासून मी ब्रश धरतेय. आणि खाली एकच ओळ, "ती उंच झाली का?"

अरे, तेवीस वर्षांची झाली. माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. नोरिनासारखं कपाळ, बाकी सगळा तू. दोन वर्षांपासून माझ्याबरोबर कार्यशाळेत बसते. वर्ख उचलताना ब्रश गालावरून फिरवायची तुझी लकब तिने कुठून उचलली देव जाणे. मी तर ब्रश मनगटावर फिरवते. अकीकाचा दगड घेऊन वर्ख घासायला बसली की दोन-दोन तास मान वर करत नाही. मग जेवणावरून माझ्याशी भांडते.

आता कामाचं. रोगण जुळत नाही. दोन हात मारले, लालसर दिसतं. शेजारी दुसरी खुर्ची ठेवली की फरक कळतो. दोष तुझा नाही, पत्रातून रंग कसा जुळणार? रंग जोडीला ठेवून, खिडकीतल्या उजेडात, डोळ्यांनीच बघावा लागतो. म्हणून म्हणते, एक दिवस येऊन जा. पहाटेची गाडी धर, दुपारी पोचशील, रंग बघ, थेंब-थेंब घालून जुळव आणि संध्याकाळच्या गाडीने परत जा. इझोलिना त्या दिवशी लुक्क्याला झगा शिवायला जाईल, मी तशी पाठवेन. कुणाला दिसणार नाहीस. हे लग्नाचं बोलावणं नाही, हे कामाचं आहे. कामाला माणूस कुठेही जातो.

तुला यायला जड जाईल हे मला समजतं. तू एकदा आला होतास आणि तिने दारातच विचारलं, "कोण पाहिजे?" पंधरा वर्षांची होती. तू खालमानेने स्टेशनवर परत गेलास आणि मग पत्रंसुद्धा थांबली. तुला वाटलं तिला तू नको आहेस. मी तुला एक कधी सांगितलं नाही, कारण तिने सांगू दिलं नाही. तू गेल्यावर ती दाराला आतून पाठ लावून खाली बसली ती जेवायच्या वेळेपर्यंत उठली नाही. मी विचारलं, "उघडू का?" ती म्हणाली, "गेला असेल." मी उघडून बघितलं. तू गेला होतास.

नोरिना वारल्यावर तू घर सोडलंस, त्याचा मी आता हिशेब मागत नाही. तुझ्याच्याने त्या खोल्यांत राहवेना. सहा महिन्यांत पोरीला नेतो म्हणालास, नेलं नाहीस. मला राग होता. अजून आहे. पण माझा राग मी सांभाळीन, तो तुझ्या येण्याच्या आड येणार नाही. तिच्या रागाचं मात्र मला सांगता येत नाही. ती तुला "तुझा भाऊ" म्हणते, म्हणजे माझा भाऊ. तिचा कोणी नाही, असा सूर असतो.

फादर प्लाचिदो रोज विचारतात. परवा चादरीचं टोक उचलू लागले तर मी त्यांच्या हातावर फटका मारला. म्हणाले, "झेलिंदा, धर्मगुरूला मारलंस." म्हटलं, "कबुलीजबाबाला येईन तेव्हा सांगेन."

गाडीची वेळ कळव.

तुझी,
झेलिंदा


१६ एप्रिल

प्रिय आमेरिगो,

आशीर्वाद. ईस्टर पार पडला. कोकरू भाजलं, नेल्लो दोन माणसांचं जेवला. काल सोमवारी सगळं गाव नदीकाठी जेवायला गेलं, आम्ही दोघी घरीच राहिलो. का, ते पुढे येईल.

तुझं पत्र शनिवारी आलं. दोन वाक्यांचं. "माझं रोगण चुकणार नाही. तू खोटं बोलतेस, ताई."

हो, बोलतेय.

तुझं रोगण चुकलं नव्हतं. पहिला हात सुकल्यावर मी खुर्ची खिडकीशी नेली, दुसरी तिच्या शेजारी लावली आणि दोन्हींवरून बोट फिरवून बघितलं. इतक्या वर्षांत दुसऱ्या खुर्चीचं रोगण किती गडद झालं असेल, ते तू तोरिनोत बसून धरलं होतंस. लाल डिंकाची एक चिमूट जास्त. नवं चढवलेलं आणि बाबांच्या हातचं, यातलं कुठलं कोणतं हे मला ओळखता येईना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी स्पिरिटची बाटली काढली आणि सगळं परत पुसलं.

आणि पहिल्यांदाही चूक नव्हती. कसली म्हातारी आणि कसलं हात चालत राहणं? कुठल्याही जुन्या वस्तूला स्पिरिट लावायच्या आधी बुडाखाली, न दिसणाऱ्या जागी बघून घ्यायचं, हे कार्यशाळा झाडणाऱ्यालाही कळतं. मी ती खुर्ची समजून-उमजून पुसली. फादरांनी खुर्च्या आणून ठेवल्या, मी त्यांच्याकडे बघत बसले, आणि मला वाटलं, हा लग्नाला येणार नाही. बोलावलं तरी येणार नाही, आणि बोलवायची तर मला बंदी आहे. पण खुर्ची बिघडली म्हटलं तर येईल. तू लहानपणापासून तसाच आहेस. माणूस रडत असलं तर तू बाहेर निघून जायचास, आणि टेबलाचा पाय हलला तर जेवण टाकून दुरुस्त करायचास. म्हणून मी टेबलाचा पाय हलवला.

तर तू बाटली पाठवलीस. मला काय माहीत तू इतका हुशार निघशील?

आता कालचं सांगते. गाव नदीकाठी गेलं म्हणून मी कार्यशाळेत निवांत होते. शनिवारी तुझं पत्र वाचून रोगण दुसऱ्यांदा चढवायला घेतलं होतं, म्हटलं आता पुरे झाला खेळ, तू यायचा नाहीस, लग्न तोंडावर आलं, फादरांची खुर्ची फादरांना द्यावी. चढवलं. काल सुकल्यावर बघितलं तर पुन्हा तसंच जुळलं. आणि पुन्हा माझ्याच्याने राहवेना, मी बोळा उचलला. अर्धी पाठ पुसून झाली होती तेव्हा इझोलिना दारात उभी होती, हातात नेल्लोच्या घरून आलेला ईस्टरचा पाव.

"आत्या, काय करतेस?"

"पुसतेय."

"जुळला होता ना रंग? मी सकाळी बघितला."

"जुळला होता."

"पंधरवड्यापूर्वीही जुळला होता," ती म्हणाली. "तेव्हाही पुसलास. मला वाटलं तुला दिसायचं कमी झालंय. मी नेल्लोला म्हटलंसुद्धा, लग्नानंतर आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं."

मी बोळा फिरवत राहिले. तिने पाव ठेवला. बाटलीवरचं तुझं अक्षर वाचलं. तू कागद चिकटवून त्यावर "हलवून घे" लिहिलंयस ना, ते. बराच वेळ वाचत होती, दोन शब्दच आहेत ते. मग मला म्हणाली, "तू वचन दिलं होतंस."

"लग्नाला बोलावणार नाही असं वचन दिलं होतं," मी म्हटलं. "लग्नाला नाहीच बोलावलं. रंगाला बोलावलं."

"आणि?"

"आणि तो येत नाही. तुला हवं होतं तसंच झालं. आता मला पुसू दे, नाहीतर चढवू दे, काय ते सांग."

मला वाटलं आता आदळआपट होणार. तिचा राग तुला माहीत नाही, माझ्या दोन बशा गेल्यात त्यात. तिने बाह्या वर केल्या, फडक्याचा एक तुकडा फाडला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि दुसऱ्या खुर्चीपाशी गेली.

"अगं ती नको," मी म्हटलं. "ती नमुना आहे. ती गेली तर मग कशाशी जुळवणार?"

"किती थापा मारशील एकटीने," ती म्हणाली आणि उजव्या हातापासून सुरुवात केली.

आमेरिगो, ते बाबांच्या आणि तुझ्या हातचं शेवटचं रोगण होतं या गावात. ती लहान असताना मिस्सा संपली की त्या खुर्चीला हात लावून यायची, "हे माझ्या बाबांनी केलंय" म्हणून मैत्रिणींना सांगायची. मग तू गेलास आणि तिने सांगायचं सोडलं. तेच ती पुसत होती. हळूहळू, घाई न करता, मी शिकवलंय तसं, रोगण निघेल पण चांदी खरचटणार नाही, अशा हाताने. तिच्या नाकावरून पाणी ओघळत होतं आणि ते ती दंडाला पुसत होती. मी पाहिलं नाही असं दाखवलं. मीही माझी खुर्ची पूर्ण पुसून घेतली. दोघी एकमेकींकडे पाठ करून बसलो होतो.

पुसून झाल्यावर तिने विचारलं, "बाटलीत किती उरलंय?"

"अर्धी."

तिने ती मोरीत ओतली. मी ओरडायच्या आत ओतली. केशर काय सोपं मिळतं? बाटली विसळली आणि पालथी घालून ठेवली.

मी म्हटलं, "आता?"

"आता ज्याला रंग आठवत असेल त्याने येऊन करावा," ती म्हणाली. "नसेल आठवत तर मी चांदीच्या खुर्चीवर बसेन. मला चालेल. फादरांना तू समजाव."

तर आता दोन्ही खुर्च्या पांढऱ्या आहेत. गावाने बघितल्या तर म्हणेल आत्या-भाचीने सोनं खरवडून विकलं. फादरांचं मला कळत नाही काय करायचं. गुरुवारी ते न्यायला येणार आहेत, तोवर मी आजारी पडेन म्हणते. नमुना नाही, बाटली नाही, कृती तुझ्या डोक्यात. मला आता तुला फसवायला काही उरलं नाही आणि फसवायचंही नाही. रोगण चढवायला, सुकायला, वर दुसरा हात मारायला किती दिवस लागतात ते तुला ठाऊक आहे. पत्र मिळेल तेव्हा तुझ्या हातात किती राहतील तेही तूच मोज.

वेदीपर्यंत कोण नेणार, यावर ती एक शब्द बोललेली नाही. मी विचारलेलंही नाही. तू आलास आणि तिने दारात पुन्हा "कोण पाहिजे" विचारलं, तर तू निघून जायचं नाहीस, एवढंच मी तुला मोठी बहीण म्हणून सांगते. तिथेच उभं राहायचं. उत्तर द्यायचं.

हे पत्र लिहितेय तेव्हा ती इथेच भांडी विसळतेय. कुणाला लिहितेयस असं तिने विचारलं नाही. आत्ता, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "आत्या, बाबांना म्हणावं, चष्मा घेऊन या. खिडकीसमोर आता शेजाऱ्यांची भिंत आलीय, उजेड पूर्वीसारखा राहिला नाही."

तुला चष्मा लागलाय की नाही, मला माहीत नाही. तिनेच मनाशी धरलंय की तू आता तेवढ्या वयाचा झाला असशील.

तुझी ताई,
झेलिंदा